विक्रीआधी घराला रंग द्यावा का, आणि दिला तर किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील अठरा वर्षे जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सुमारे 650 चौरस फूट चटई क्षेत्रफळाचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकायचा आहे. इस्टेट एजंटाचे म्हणणे आहे की संपूर्ण घर चांगल्या प्रतीच्या रंगाने रंगवून घ्यावे, म्हणजे भाव वाढवून मिळेल. धाकट्या भावाला हा खर्च वाया जाईल असे वाटते, कारण नवा मालक वास्तुशांतीपूर्वी स्वतःच्या आवडीचा रंग लावणारच. शिवाय आतल्या बेडरूममध्ये, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर ओल येऊन पोपडे सुटले आहेत आणि रंगारी म्हणतो की "केमिकल मारून वरून रंग दिला की दिसणार नाही." पुण्या-मुंबईकडे जुन्या सदनिका विक्रीसाठी तयार करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

घर रंगवावे. पण आधी ओलीचा बंदोबस्त करावा, रंग मध्यम प्रतीचा घ्यावा आणि वाचलेला पैसा भिंतींच्या पूर्वतयारीत घालावा. रंगाऱ्याने सुचवलेला उपाय मात्र मुळीच करू नये.

आपल्या भावाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. आपल्याकडे जुने घर घेणारे बहुतेक कुटुंब राहायला येण्यापूर्वी एकदा रंग देते, निदान हॉल आणि देवघराची भिंत तरी. त्यामुळे दहा वर्षे टिकणारा, धुता येणारा, सर्वांत महाग इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा प्लॅस्टिक रंग, लावून त्याची किंमत वसूल होईल ही अपेक्षा चुकीची आहे. विक्रीपूर्वीच्या रंगाचे काम निराळे असते. घर पाहायला आलेली माणसे पंधरा-वीस मिनिटे थांबतात आणि तेवढ्यात दोन गोष्टी ठरवतात: घरात उजेड आहे का, आणि या लोकांनी घर सांभाळले आहे का. पिवळट पडलेले छत, पंख्याच्या वरचा काळा वर्तुळाकार डाग, सोफ्याच्या मागे डोके टेकून पडलेले तेलकट पट्टे आणि स्विचबोर्डाभोवतीची बोटांची काळी कड पाहिली की त्यांच्या मनात दुरुस्तीच्या खर्चाचा आकडा तयार होऊ लागतो, आणि तो आकडा प्रत्यक्ष खर्चापेक्षा जवळजवळ नेहमीच मोठा असतो. बोलणी करताना तोच आकडा किमतीतून वजा मागितला जातो. स्वच्छ रंगाने घराचा भाव बाजारभावाच्या वर जात नाही, मात्र या वजाबाकीला जागा उरत नाही. हे लक्षात ठेवले, तर किती खर्च करायचा हे ठरवणे सोपे जाते.

काही घरांत तेवढाही खर्च करू नये. इमारतीच्या पुनर्विकासाचा ठराव झाला असेल आणि विकासकाशी बोलणी पुढे गेली असतील, तर घेणारा माणूस भिंती पाहत नाही. नव्या इमारतीत मिळणारे क्षेत्रफळ आणि कागदपत्रे तो पाहतो. घर इतके जुने असेल की नवा मालक लादी, ओटा, वायरिंग आणि नळजोडण्या सगळेच काढून टाकणार हे उघड आहे, तेव्हाही जाळ्याजळमटे काढणे, भिंती पुसून घेणे आणि दिवे बदलणे पुरेसे असते. आपल्या इमारतीचे वय अठरा वर्षे आहे, म्हणजे घेणारा राहायला येण्याच्या विचारानेच येईल. म्हणून आपल्या बाबतीत रंग द्यावा.

आता ओलीविषयी सविस्तर लिहितो, कारण आपल्या प्रश्नातला खरा निर्णय तिथेच आहे.

बाथरूमच्या मागच्या भिंतीवर येणारी ओल बहुधा तीनपैकी एका कारणाने येते आणि ती कशी वागते त्यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. भिंत बारा महिने सारखीच ओली राहत असेल, तर सतत दाबाखाली असलेल्या पाण्याच्या नळीवर संशय घ्यावा. या वयाच्या अनेक इमारतींत भिंतीत गाडलेले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाईप असतात आणि ते आतून गंजतात. बाथरूमचा वापर झाला की ओल वाढते आणि घर चार-आठ दिवस बंद राहिले की कमी होते असे दिसले, तर न्हाणी ट्रॅप (जमिनीवरचे पाणी वाहून जाण्याची जाळीची जागा), सांडपाण्याची नळी किंवा लाद्यांच्या सांध्यांतील भेगा पाहाव्यात. ओल फक्त पावसाळ्यात दिसत असेल, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटींतून किंवा बाहेरून जाणाऱ्या सामाईक नळातून येत असते. पहिल्या दोन शक्यतांची परीक्षा घरच्या घरी करता येते. मुख्य कॉक दोन दिवस बंद ठेवून भिंतीत फरक पडतो का ते पाहावे. न्हाणी ट्रॅपचे तोंड बंद करून बाथरूमच्या जमिनीवर रंग मिसळलेले पाणी एक दिवस साठवून ठेवावे आणि तो रंग भिंतीवर किंवा खालच्या मजल्याच्या छताला उमटतो का ते पाहावे. त्यासाठी खालच्या शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी.

दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हेही यावरून ठरते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती ही संस्थेच्या दुरुस्तीत मोडते, तसेच गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्याचे छत आणि त्याचा गिलावा खराब झाला तर तेही. सदनिकेच्या आतल्या बाथरूममधील गळती मात्र सभासदाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. ओल बाहेरून येत असेल, तर संस्थेला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. विक्रीच्या वेळी तो कागद उपयोगी पडतो.

गळती बंद झाल्यानंतरच भिंतीला हात लावावा. ओल जिथवर दिसते त्याच्या पलीकडे सर्व बाजूंनी निदान एक फूट गिलावा विटेपर्यंत काढावा. भिंतीवर आलेला पांढरा खार आधी कोरड्या ब्रशने झाडून काढावा, कारण पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा आत जातो आणि भिंत सुकताना परत वर येतो. मग भिंत सुकू द्यावी. सिमेंटचा नवा गिलावा केल्यावर त्यावर रंग चढवण्यापूर्वी सुमारे 28 दिवस थांबण्याची पद्धत आहे. ती केवळ पाणी सुकण्यासाठी नाही. ताज्या सिमेंटचा क्षार रंगाला खातो. भिंत खरोखर सुकली का हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर हवाबंद चिकटवावा आणि दुसऱ्या दिवशी काढून पाहावा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले असतील किंवा तेवढा भाग गडद दिसत असेल, तर रंगाऱ्याला अजून बोलावू नये.

रंगारी ज्याला केमिकल म्हणतो तो जलरोधक लेप आतल्या बाजूने, म्हणजे पाणी जिथून बाहेर पडते त्या बाजूने लावला, तर पाणी थांबत नाही. ते भिंतीतच राहते, लेपाला मागून ढकलते आणि काही आठवड्यांत एकतर फुगवटा येतो किंवा लेप जिथे संपतो तिथे, कडेला अथवा वरच्या बाजूला, ओलीची नवी रेघ उमटते. व्यवहार पूर्ण होईपर्यंत ते दिसणार नाही, या भरवशावरच हा उपाय सुचवला जातो. माझा या उपायाला विरोध आहे आणि तो केवळ तांत्रिक नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला, खरेदीदाराला माहीत नसलेला आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही असा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष त्याच्यासमोर उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि तो उघड न करणे हे त्याच कलमात कपटपूर्ण म्हटले आहे. दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या बचतीतून घेतले जाणारे घर आपण रंगवून देत आहोत, याचे भान प्रत्येक रंगाऱ्याला आणि प्रत्येक घरमालकाला असायला हवे. उलट, ओल कशाने होती, कोणती नळी बदलली, कोणत्या महिन्यात बदलली, हे छायाचित्रांसह आणि बिलासह सांगितले, तर बहुतेक खरेदीदारांचा विश्वास वाढतो. दोष दुरुस्त केलेल्या घराला गिऱ्हाईक मिळते. ज्या घरात एकाच भिंतीला ताजा रंग आणि बाकीच्यांना जुना, तिथे आलेला माणूस त्या एका भिंतीपाशी जाऊन उभा राहतो.

भेगांनाही हाच न्याय लावावा. गिलाव्यावरच्या केसाएवढ्या भेगा ही रंगकामाची बाब आहे. बीम किंवा कॉलम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यात येणारी सरळ भेग व्ही आकारात उघडून, लवचीक क्रॅक फिलर भरून आणि वर जाळीची पट्टी बसवून बुजवावी, नुसती पुट्टी भरली तर ती वर्षभरात पुन्हा उघडते. मात्र तिरकी जाणारी, रुंदावत चाललेली भेग किंवा स्लॅबचे काँक्रीट सुटून दिसणारी गंजलेली सळई रंगाऱ्याच्या हाती देऊ नये. ती स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावी. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी व्हायला हवे, त्यामुळे आपल्या संस्थेकडे असा अहवाल आहे का ते विचारून ठेवावे. जाणकार खरेदीदार तो मागतात.

काळाचा विचार केला तर कोकणपट्टीत पावसाळ्यात विक्रीसाठी रंगकाम काढू नये. हवेत इतकी आर्द्रता असते की एका हातानंतर दुसरा हात देण्यासाठी डब्यावर लिहिलेले चार-सहा तास पुरत नाहीत, आणि घाई केली की रंग ढगाळ सुकतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून मे महिन्यापर्यंतचा काळ चांगला. त्यातही दिवाळीच्या आधी रंगारी मिळणे कठीण असते आणि मिळाले तरी ते एकाच वेळी तीन घरे सांभाळतात. गुढीपाडवा आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास घरखरेदीची लगबग वाढते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत रंग पूर्ण करून मार्चमध्ये घर दाखवायला काढणे हा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटतो.

भिंतींची तयारी हे या कामातले सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचे काम आहे. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर आणि पंख्याच्या पात्यांच्या रेषेत फोडणीचा चिकटा बसलेला असतो. तो धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून, नंतर साध्या पाण्याने धुऊन, सुकवून मगच रंग द्यावा, अन्यथा नवा रंग त्या चिकट्यावरच बसतो आणि त्याच्यासह निघून येतो. देवघरामागची निरांजनाची काजळी, सोफ्यामागचे केसांच्या तेलाचे डाग आणि पाण्याचे जुने तपकिरी डाग हे पाण्यात मिसळायच्या कोणत्याही रंगातून पुन्हा वर येतात, तीन हात दिले तरी. तेवढ्या भागावर डाग दाबणारा तेली प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, लावावा लागतो. मग खिळे काढून, भोके भरून, खड्डे पुट्टीने, म्हणजे रंगारी जिला लांबी म्हणतात तिने, सपाट करावेत आणि ती सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासावे. संपूर्ण घराला नव्याने पुट्टी ओढण्याची गरज नसते. जिथे पोपडे आहेत तिथपुरतीच ती द्यावी, पण पुट्टी लावलेल्या प्रत्येक जागेवर प्रायमर लावून घ्यावा. तो टाळला तर ते ठिगळ रंग जास्त शोषते आणि खिडकीतून तिरका उजेड पडला की भिंतीवर वेगळे दिसते. घासल्यानंतरची धूळ पुसणे हेही कामाचाच भाग आहे, असे रंगाऱ्याला पहिल्या दिवशी स्पष्ट सांगावे.

रंगाची प्रत निवडताना डिस्टेंपर, म्हणजे खडूसारखा स्वस्त रंग, टाळावा, कारण त्यावर हात फिरवला की भुकटी लागते आणि घर पाहायला आलेली मंडळी भिंतीवर हात फिरवतातच. प्रतिष्ठित कंपनीचा साधा किंवा मधल्या श्रेणीचा इमल्शन पुरेसा आहे. चमक असलेला इमल्शन घेऊ नये. अठरा वर्षांच्या भिंती पूर्ण सपाट नसतात, चमकदार रंगात त्यांचा प्रत्येक उंचवटा आणि रोलरची प्रत्येक ओळ उठून दिसते. मॅट रंग ते सामावून घेतो. छताला पांढरा मॅट आणि सर्व भिंतींना एकच फिकट छटा, हे मी जवळजवळ प्रत्येक घरात सुचवतो. ही छटा किंचित उबदार पांढरी असावी. निळसर पांढरा रंग कमी उजेडाच्या खोलीत करडा दिसतो. हॉलमधील लाल किंवा जांभळी भिंत, सोनेरी टेक्श्चर, मुलांच्या खोलीतील चित्रे ही आपल्या आठवणींची जागा असेल, पण येणाऱ्याला तिथे स्वतःचे कपाट आणि स्वतःचा पलंग दिसायला हवा, म्हणून ती झाकावीत. गडद भिंतीवर फिकट रंग चढवताना मधे प्रायमरचा हात द्यावा, नाहीतर दोन हातांत ती झाकली जात नाही. छटा निश्चित करण्यापूर्वी दोन फूट लांब-रुंद नमुना भिंतीवर लावून तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून पाहावा. जुन्या ट्यूबलाईटच्या निळसर प्रकाशात आणि पिवळ्या एलईडीत एकच छटा दोन निराळे रंग वाटतात. रंगकाम झाल्यावर सर्व खोल्यांत एकाच प्रकारच्या प्रकाशाचे दिवे बसवावेत. त्यासाठी थोडाच खर्च येतो, आणि फरक रंगाइतकाच पडतो.

प्रमाणाचा अंदाज आपण स्वतः काढून ठेवावा. नेहमीच्या उंचीच्या सदनिकेत भिंती आणि छत मिळून रंगाचे क्षेत्रफळ चटई क्षेत्रफळाच्या साधारण तीन ते साडेतीनपट भरते. म्हणजे आपल्या घरात सुमारे 2,000 ते 2,300 चौरस फूट, त्यातले 650 छताचे. चांगल्या तयार केलेल्या जुन्या भिंतीवर एका लिटरमध्ये दोन हात मिळून 110 ते 140 चौरस फूट होतात असे धरले, तर भिंतींना साधारण 10 ते 15 लिटर आणि छताला पाच-सहा लिटर रंग लागेल. कंत्राटदाराचा आकडा याच्या खूप वर गेला तर मोजमाप पुन्हा करायला सांगावे, खूप खाली आला तर तो रंगात जास्त पाणी घालणार आहे असे समजावे. पाणी किती घालायचे ते डब्यावर लिहिलेले असते. सीलबंद डबे आपल्यासमोर उघडावेत. दर मागताना मजुरी आणि माल वेगळा लिहून घ्यावा, दारे-खिडक्यांची वजावट कशी धरली ते विचारावे, आणि शेवटचा हप्ता लादी, स्विचबोर्ड व खिडक्यांच्या काचा यांवरचे रंगाचे शिंतोडे साफ झाल्यानंतरच द्यावा.

दारांकडे वळू. मुख्य दार हे घराचे पहिले दर्शन असल्याने त्यावर थोडा जास्त खर्च केला तरी चालतो. जुने पॉलिश घासून नवा हात द्यावा, उंबऱ्यावरचे तेल-हळदीचे डाग काढावेत, कडी-कोयंडे आणि नावाची पाटी काढूनच रंगवावे. आतल्या दारांना आणि ग्रीलला ऑइल पेंट. ग्रीलचा गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइड प्रायमर लावल्याशिवाय रंग देऊ नये. एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारे नियम आपल्याकडे 2016 मध्ये आले आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. आपल्या दारांवरचा मूळचा ऑइल पेंट त्यापूर्वीचा आहे, त्यामुळे त्यात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, भुकटी ओल्या फडक्याने उचलावी आणि लहान मुले किंवा गर्भवती स्त्री घरात असेल तर त्या दिवसांत त्यांना दुसरीकडे ठेवावे.

कपाटांच्या आतली बाजू, माळा, ड्राय बाल्कनी यांना हात लावण्याची गरज नाही, ती केवळ रिकामी आणि स्वच्छ असावीत. बाल्कनीची बाहेरची बाजू तर संस्थेच्या परवानगीवाचून रंगवूच नये.

रंग पूर्ण झाल्यानंतर घर लगेच दाखवू नये. तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ताज्या रंगाचा वास आला की अनुभवी खरेदीदाराच्या मनात पहिला विचार "काय झाकले असेल?" हाच येतो, आणि प्रामाणिकपणे काम केलेल्या माणसालाही त्या संशयाची किंमत मोजावी लागते. छायाचित्रे मात्र सामान परत लावण्यापूर्वी, सकाळच्या उजेडात काढून घ्यावीत. छटेचा क्रमांक आणि उरलेला अर्धा-एक लिटर रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत जपून ठेवावा, म्हणजे सामान हलवताना पडलेले ओरखडे दुरुस्त करता येतील. दुरुस्तीची आणि रंगाची सर्व बिले जपावीत, पण भांडवली नफ्याच्या हिशेबात रंगाचा खर्च घराची सुधारणा म्हणून वजा होईल असे गृहीत धरू नये. त्याबाबत आपल्या सनदी लेखापालांना विचारावे.

हात आखडता घ्यावा लागला, तर माझा क्रम असा राहील: प्रथम बाथरूमची गळती, मग सर्व खोल्यांची छते, मग हॉल आणि प्रवेशाची जागा, त्यानंतर स्वयंपाकघर. बेडरूमच्या भिंती चांगल्या अवस्थेत असतील तर त्या धुऊन पुसून तशाच ठेवल्या तरी चालेल. फक्त ओलीची भिंत दुरुस्त केल्यावर ती संपूर्ण खोली एकाच छटेत रंगवावी. भिंत सुकायला आणखी एक महिना लागणार असेल आणि तोवर कोणी पाहायला येणार असेल, तर गिलावा काढलेली भिंत तशीच उघडी दाखवावी, शेजारी बदललेल्या नळीचे बिल ठेवावे आणि रंगाचे काम व्यवहाराच्या अटीत लिहून घ्यावे.